'जेड', 'ग्रीन ॲमेथिस्ट', 'ग्रीन ऑनिक्स': हिरव्या दगडांच्या या नावांमागे खरं काय असतं?

इन्स्टाग्राम उघडलं की हिरव्या मण्यांच्या ब्रेसलेटची एखादी तरी रील समोर येतेच. एका ठिकाणी त्याला 'जेड' म्हटलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी 'ॲव्हेंच्युरिन', तिसऱ्या ठिकाणी 'पन्ना स्टोन'. एक विक्रेता ते दोनशे रुपयांत देतो, तर दुसरा तसंच दिसणारं ब्रेसलेट 'ओरिजनल, सर्टिफाइड' म्हणून काही हजारांना विकतो. अंगठीच्या बाबतीतही तेच. कुणाला 'ग्रीन ॲमेथिस्ट' हवा असतो, कुणाला 'मॉस ॲगेट', तर कुणाला पत्रिका बघून पाचूऐवजी 'ग्रीन ऑनिक्स' सुचवलेला असतो.

गंमत अशी की यातले बहुतेक दगड एकाच खनिजाचे असतात. त्याचं नाव क्वार्ट्झ. मराठीत त्याला गारगोटी म्हणतात. लहानपणी अंधारात दोन पांढऱ्या गारा एकमेकींवर घासून ज्यांनी उजेड पाडला आहे, त्यांनी क्वार्ट्झ हातात घेतलेलं आहे.

क्वार्ट्झची हिरवी रत्नं कमी दर्जाची नाहीत. त्यातली काही राजेरजवाड्यांनी हौसेने वापरली आहेत. फसवणूक होते ती दगडात नाही, तर नावात. म्हणून कुठल्या नावामागे कोणता दगड असतो, त्याला रंग कुठून येतो आणि तो रंग टिकतो का, हे माहीत असणं खिशासाठी फायद्याचं आहे.

गारगोटी हिरवी कशी होते?

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. शुद्ध असेल तर ते काचेसारखं पारदर्शक आणि रंगहीन असतं. त्यालाच स्फटिक म्हणतात. स्फटिकाची माळ ही याचीच.

या रंगहीन खनिजात दुसरं काही मिसळलं की त्याला रंग येतो. जांभळ्या ॲमेथिस्टचा रंग लोहाच्या अगदी अल्प अंशामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. हिरवा रंग मात्र क्वार्ट्झमध्ये सहज येत नाही. त्यासाठी चार वाटा आहेत:

- आत हिरव्या खनिजाचे बारीक कण किंवा तंतू अडकणं. ॲव्हेंच्युरिन आणि मॉस ॲगेट असे होतात.
- निकेल किंवा क्रोमियमसारखा धातू मिसळणं. क्रिसोप्रेज असा होतो.
- दगड तापवणं किंवा त्यावर किरणांचा मारा करणं. 'ग्रीन ॲमेथिस्ट' बहुतेक असाच तयार होतो.
- सरळ रंगवणं. बाजारातला 'ग्रीन ऑनिक्स' म्हणजे हेच.

क्वार्ट्झचे दोन मोठे गट आहेत, तेही लक्षात ठेवायला हवेत. एका गटात डोळ्यांना दिसतील एवढे मोठे स्फटिक असतात, जसं ॲमेथिस्ट. दुसऱ्या गटात स्फटिक इतके सूक्ष्म असतात की दगड मेणासारखा एकजीव दिसतो. या दुसऱ्या प्रकाराला कॅल्सिडनी म्हणतात. आपल्याकडचा अकीक, म्हणजे ॲगेट, हा कॅल्सिडनीचाच पट्टेदार किंवा नक्षीदार प्रकार.

ॲव्हेंच्युरिन: जेड नसलेला 'इंडियन जेड'

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या हिरव्या ब्रेसलेटमध्ये सर्वाधिक दिसणारा दगड म्हणजे ग्रीन ॲव्हेंच्युरिन. त्याच्यात फुक्साइट नावाच्या हिरव्या अभ्रकाचे पापुद्रे विखुरलेले असतात. अभ्रकाला हिरवा रंग क्रोमियममुळे मिळतो. दगड उजेडात हलवला की हे पापुद्रे चमचमतात. तीच त्याची ओळख.

या दगडाच्या नावाची गोष्ट उलटी आहे. सहसा खऱ्या रत्नाचं नाव नकलेला मिळतं. इथे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आधी एक चमचमणारी काच तयार झाली. ती योगायोगाने जमून आली अशी कथा सांगितली जाते, आणि योगायोग या अर्थाच्या इटालियन शब्दावरून काचेला नाव पडलं. पुढे तशीच चमक असलेला दगड दिसला, तेव्हा त्याला काचेचं नाव दिलं गेलं.

ॲव्हेंच्युरिन भारतात भरपूर मिळतो, विशेषतः कर्नाटकात म्हैसूरच्या पट्ट्यात. म्हणूनच जागतिक बाजारात त्याला 'इंडियन जेड' असंही म्हणतात. पण जेडशी त्याचा काही संबंध नाही. जेड या नावाखाली फक्त दोन खनिजं येतात: जेडाइट आणि नेफ्राइट. मुघल काळातल्या कोरीव मुठी आणि पेले ज्या जेडचे आहेत, तो नेफ्राइट. म्यानमारचा प्रसिद्ध महागडा जेड म्हणजे जेडाइट.

'मलेशिया जेड' हे आणखी एक नाव ऑनलाइन दिसतं. तो बहुतेक वेळा हिरवा रंगवलेला क्वार्ट्झाइट असतो. 'ऑस्ट्रेलियन जेड' म्हणजे क्रिसोप्रेज. थोडक्यात, जेडच्या आधी एखाद्या देशाचं नाव लावलेलं दिसलं की दगड नक्की कोणता, हे आधी विचारावं.

क्रिसोप्रेज: निकेलमुळे हिरवा, आणि खराखुरा महाग

सफरचंदी हिरव्या रंगाचा, किंचित पारभासी असा क्रिसोप्रेज हा कॅल्सिडनी गटातला सर्वांत मौल्यवान दगडांपैकी एक. त्याचा हिरवा रंग निकेलमुळे येतो. निकेल असलेले खडक पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ झिजतात, त्यातलं निकेल पाण्याबरोबर खडकाच्या भेगांमध्ये उतरतं आणि तिथे साचणाऱ्या सिलिकाला रंग देतं. नावातला 'प्रेज' हा भाग ग्रीक भाषेतल्या 'लीक' या कांद्याच्या कुळातल्या हिरव्या भाजीच्या नावावरून आला आहे.

एकेकाळी हा दगड मुख्यतः सायलेशियातून, म्हणजे आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्य भागातून यायचा. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने सायलेशिया जिंकला. क्रिसोप्रेज त्याचा आवडता दगड होता. त्याच्यासाठी बर्लिनमध्ये तपकिरीच्या हिरेजडित डब्या घडवल्या गेल्या, त्यातल्या काही क्रिसोप्रेजच्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात मार्लबरो इथले साठे पुढे आले आणि आज उत्तम क्रिसोप्रेज म्हटलं की ऑस्ट्रेलियाचं नाव आधी घेतलं जातं.

क्रोमियममुळे हिरवी झालेली नैसर्गिक कॅल्सिडनीही असते. झिम्बाब्वेत ती ज्या गावाजवळ सापडली, त्या म्तोरोशांगाच्या नावावरून तिला म्तोरोलाइट म्हणतात. ती बाजारात फारशी दिसत नाही.

'ग्रीन ॲमेथिस्ट' असं काही असतं का?

ॲमेथिस्ट म्हणजे जांभळं क्वार्ट्झ. हिरव्या ॲमेथिस्टला ॲमेथिस्ट म्हणणं म्हणजे हिरव्या माणकाला माणिक म्हणण्यासारखं आहे. फिकट हिरव्या, पारदर्शक क्वार्ट्झचं खरं नाव प्रेझिओलाइट.

ही केवळ शब्दांची कीस काढणी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली दागिन्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. त्यात चुकीच्या नावाने रत्न विकणं ग्राहकाची दिशाभूल ठरतं असं सांगताना जी उदाहरणं दिली, त्यात प्रेझिओलाइटला 'ग्रीन ॲमेथिस्ट' म्हणण्याचा उल्लेख आहे.

नैसर्गिक प्रेझिओलाइट फार दुर्मीळ आहे. पोलंड आणि कॅनडात तो थोडाफार मिळतो. बाजारातला जवळपास सगळा माल माणसाने हिरवा केलेला असतो. १९५० च्या दशकात ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात मोन्तेझुमा इथल्या खाणीतलं ॲमेथिस्ट सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की हिरवं होतं, हे लक्षात आलं. एरवी ॲमेथिस्ट तापवलं तर ते पिवळं होतं आणि सिट्रीन म्हणून विकलं जातं. हिरवं होणारं ॲमेथिस्ट जगात मोजक्याच ठिकाणी मिळतं.

दुसरी पद्धत म्हणजे ब्राझीलमधल्याच काही विशिष्ट क्वार्ट्झवर गॅमा किरणांचा मारा करणं. त्यानेही दगड हिरवा होतो. गॅमा किरणांमुळे दगड स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे घालणाऱ्याला धोका नसतो. प्रश्न रंग टिकण्याचा आहे. असा रंग उष्णतेने आणि सततच्या कडक उन्हाने फिका पडू शकतो. रशियासारख्या देशांत प्रयोगशाळेत वाढवलेलं हिरवं क्वार्ट्झही तयार झालं आहे. ते अनेकदा नैसर्गिक दगडापेक्षा गडद आणि एकसारखं दिसतं.

प्रेझिओलाइट वाईट नाही. मोठ्या आकारात, स्वच्छ आणि परवडणाऱ्या किमतीत मिळणारा हा दगड आहे. फक्त त्याला 'दुर्मीळ नैसर्गिक ॲमेथिस्ट' म्हणून जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही.

ब्लडस्टोन आणि मॉस ॲगेट: दख्खनच्या लाव्हातली रत्नं

हिरव्या क्वार्ट्झचे दोन प्रकार असे आहेत की ज्यांचं घर महाराष्ट्राच्या पायाखालच्या खडकात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार तयार झालं. आजही हा काळा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांत सिलिका असलेलं पाणी झिरपत गेलं आणि अकीक, कॅल्सिडनी, ॲमेथिस्ट यांचे थर साचले. विहीर खोदताना किंवा घाटात रस्ता कापताना गोटा फुटून आत चमचमणारे स्फटिक दिसतात, ते याच पोकळ्यांमधले.

ब्लडस्टोन हा गडद हिरव्या कॅल्सिडनीचा प्रकार. त्यावर लोहाच्या ऑक्साइडचे लाल ठिपके असतात, म्हणून हे नाव. मध्ययुगीन युरोपात ते ठिपके येशू ख्रिस्ताच्या रक्ताचे मानले जात. त्याचं जुनं नाव हेलिओट्रोप. जगाला लागणारा ब्लडस्टोन पूर्वापार मुख्यतः भारतातून, दख्खनच्या याच लाव्हा खडकांमधून गेला आहे.

मॉस ॲगेट हा दगड सध्या साखरपुड्याच्या अंगठ्यांमुळे सोशल मीडियावर गाजतो आहे. पारभासी दगडात शेवाळ अडकलं आहे असं वाटतं, पण त्यात वनस्पतीचा अंशही नसतो. ती क्लोराइटसारख्या हिरव्या खनिजांची जाळी असते. दोन दगड कधीच सारखे नसतात, हेच त्याचं आकर्षण. हाही दख्खनच्या खडकात मिळतो.

या दगडांचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या पुस्तकात, पैठणहून भडोचच्या बंदराकडे मोठ्या प्रमाणात ऑनिक्स दगड येतो, अशी नोंद आहे. म्हणजे सातवाहनांच्या राजधानीतून निघालेला दख्खनचा अकीक भडोचमार्गे रोमन जगात पोहोचत होता.

आज अकीक घडवण्याचं मोठं केंद्र म्हणजे गुजरातमधलं खंभात. पण स्वस्त मण्याची तिथे एक वेगळी किंमत मोजली जाते. अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन साचते आणि कारागिरांना सिलिकोसिस होतो. या आजारावर बरं करणारा उपाय नाही, आणि तो झालेल्यांना क्षयरोगाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांचा अभ्यास केला आहे. घासताना पाणी वापरणं आणि धूळ शोषून घेणारी यंत्रं बसवणं यामुळे हा धोका बराच कमी होतो. मात्र घराघरांत चालणाऱ्या या कामात ती सोय सगळीकडे नसते.

महाराष्ट्रातल्या आणखी एका हिरव्या दगडाचा इथे उल्लेख हवा. पुण्यातल्या पाषाण भागातून निघालेला हिरवा अपोफिलाइट जगभरातल्या संग्रहालयांमध्ये आहे. तो क्वार्ट्झ नाही. तो क्वार्ट्झपेक्षा बराच मऊ असल्याने अंगठीपेक्षा कपाटात शोभतो.

'ग्रीन ऑनिक्स' हिरवा कुठून आला?

पाचू हे बुधाचं रत्न मानलं जातं. चांगला पाचू परवडत नाही, म्हणून उपरत्न म्हणून ग्रीन ऑनिक्स सुचवला जातो. सराफाकडे मिळणारा हा गडद, एकसारखा हिरवा, स्वच्छ दगड जवळपास नेहमीच रंगवलेली कॅल्सिडनी असतो.

कॅल्सिडनीत सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे ती रंग शोषते. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावाने एकोणिसाव्या शतकात अकीक रंगवण्याचं तंत्र चांगलंच विकसित केलं. राखाडी दगड क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात मुरवून तापवला की तो हिरवा होतो. आता जयपूरसह अनेक ठिकाणी हे काम चालतं. हा रंग पक्का असतो, घामाने किंवा पाण्याने सहसा जात नाही.

रंगवणं बेकायदा नाही आणि नवीनही नाही. पण 'नॅचरल ग्रीन ऑनिक्स' असं सांगून रंगवलेला दगड विकला, तर ग्राहकाला अर्धीच माहिती मिळाली. दगड नैसर्गिक आहे, रंग नाही.

याच नावाचा आणखी एक घोळ आहे. टेबलटॉप, फुलदाण्या आणि फरशांसाठी विकला जाणारा हिरवा ऑनिक्स हा क्वार्ट्झ नसून कॅल्साइट असतो. तो इतका मऊ असतो की स्टीलच्या चाकूने त्यावर ओरखडा उठतो.

क्वार्ट्झला पाचू कसं बनवलं जातं?

पाचू हे बेरिल नावाचं वेगळं खनिज आहे. त्याची नक्कल करायला क्वार्ट्झ दोन प्रकारे वापरलं जातं.

एकात रंगहीन क्वार्ट्झ तापवून एकदम थंड पाण्यात टाकतात. त्याला आतून असंख्य तडे जातात. मग हिरव्या रंगात बुडवलं की रंग तड्यांमध्ये शिरतो. पाचूतही नैसर्गिक भेगा असतात, त्यामुळे नवख्या माणसाला हा दगड खरा वाटतो. भिंगातून पाहिलं तर रंग दगडात नसून भेगांमध्ये जाळ्यासारखा साठलेला दिसतो.

दुसऱ्यात रंगहीन दगडाचे दोन तुकडे मधे हिरवा थर घालून चिकटवतात. असा दगड पाण्याच्या वाटीत बुडवून बाजूने पाहिला की वर-खाली पांढरा आणि मधे हिरवी रेघ असं चित्र दिसतं. दागिन्यात मागून बंद कोंदणात बसवला, तर मात्र हे कळत नाही. म्हणून महागडा हिरवा खडा बंद कोंदणात असेल, तर आधी तो सुटा बघायला मागावा.

'हायड्रो क्वार्ट्झ' हे नावही जपून ऐकावं. या नावाने विकला जाणारा माल अनेकदा साधी रंगीत काच असतो.

घरच्या घरी काय तपासता येतं?

घरी खात्रीची ओळख पटत नाही. पण काही खोटी नावं घरीच पकडता येतात.

*वजनाची कसोटी.* जेड हा क्वार्ट्झपेक्षा जड असतो. त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. आधी सुटा दगड किंवा मणी कोरडा तोलावा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. काट्यावर दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागावं.

उदाहरणार्थ, कोरडं वजन १०.६ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ४ आला, तर उत्तर २.६५. हा क्वार्ट्झचा आकडा. नेफ्राइट असता तर उत्तर २.९५ च्या आसपास आलं असतं आणि जेडाइट असता तर ३.३ च्या आसपास. 'जेड' म्हणून घेतलेल्या मण्याचं उत्तर २.६ आलं, तर तो जेड नाही.

या कसोटीची मर्यादाही आहे. पाचूचा आकडा २.७ च्या आसपास असतो, म्हणजे क्वार्ट्झच्या अगदी जवळ. त्यामुळे पाचू आणि क्वार्ट्झ यांच्यातला फरक घरगुती काटा सांगू शकत नाही. काही काचांचा आकडाही क्वार्ट्झजवळ येतो.

*भिंगाची कसोटी.* दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून, मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघावं. गोल बुडबुडे दिसले तर काच असण्याची शक्यता जास्त. भेगांमध्ये किंवा मण्याच्या भोकाभोवती रंग गडद झालेला दिसला तर दगड रंगवलेला. चमचमणारे हिरवे पापुद्रे दिसले तर ॲव्हेंच्युरिन.

*काय करू नये.* दगडावर चाकू किंवा खिळ्याने ओरखडा काढणं, तो पेटत्या काडीवर धरणं, असे 'टेस्ट' व्हिडिओ खूप फिरतात. त्याने खरा दगडही खराब होतो आणि परत करण्याचा हक्कही अवघड होतो.

हॉलमार्क आहे म्हणजे खडा खरा?

नाही. बीआयएस हॉलमार्क सोन्या-चांदीची शुद्धता सांगतो. खडा कोणता आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

खड्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि आयजीआय अशा संस्था तपासणी करतात. अहवाल हातात आला की तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली 'स्पीशीज', म्हणजे खनिज. पाचू असेल तर इथे बेरिल लिहिलेलं हवं. इथे क्वार्ट्झ किंवा कॅल्सिडनी असेल तर तो पाचू नाही, वर काहीही छापलेलं असो. दुसरी 'व्हरायटी', म्हणजे रत्नाचं नाव. तिसरी शेरा किंवा 'कॉमेंट्स', जिथे रंगवल्याचा वा अन्य प्रक्रियेचा उल्लेख असतो. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं प्लॅस्टिकचं कार्ड म्हणजे स्वतंत्र अहवाल नव्हे.

दोनशे रुपयांच्या ब्रेसलेटसाठी अहवाल काढणं परवडत नाही, आणि गरजही नाही. तिथे बिलावर दगडाचं नाव लिहून घेणं पुरेसं आहे. 'ग्रीन स्टोन' नको, तर 'ग्रीन ॲव्हेंच्युरिन' किंवा 'रंगवलेली कॅल्सिडनी' असं स्पष्ट नाव हवं. नाव लिहायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजावं.

फसवणूक झालीच तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि चॅट जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

हिरव्या दगडाने पैसा, शांती, आरोग्य मिळतं का?

याला वैज्ञानिक पुरावा नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यात ८० जणांपैकी काहींच्या हातात खरं क्वार्ट्झ दिलं होतं आणि काहींच्या हातात नकली. कोणते परिणाम जाणवू शकतात हे आधी सांगितलेल्या लोकांना ते दोन्हींमध्ये सारखेच जाणवले. म्हणजे परिणाम दगडाचा नव्हता, अपेक्षेचा होता.

असे दावे जुनेच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक प्लिनीने हेलिओट्रोपबद्दल लिहिताना, तो जवळ बाळगून मंत्र म्हटला की माणूस अदृश्य होतो असं मांत्रिक सांगतात, याची नोंद केली. त्यांच्या निर्लज्जपणाचं हे ठळक उदाहरण आहे, असंही त्याने लिहून ठेवलं. चौदाव्या शतकात बोकाचिओने 'डेकॅमेरॉन'मध्ये, हाच दगड सापडला म्हणून स्वतःला अदृश्य समजणाऱ्या भोळ्या माणसाची फजिती रंगवली.

श्रद्धेने खडा घालणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण श्रद्धेने घेणाऱ्यालाही आपण काय घेतो आहोत, हे कळण्याचा हक्क आहे. आणि आजारपणात औषध थांबवून ब्रेसलेटवर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे.

निगा कशी राखावी?

क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस मापनश्रेणीवर ७ आहे, त्यामुळे रोजच्या वापरात तो सहसा झिजत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसं आहे. प्रेझिओलाइट आणि क्रिसोप्रेज उन्हात, खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत. सराफाकडे अंगठी दुरुस्तीला देताना खडा कोणता आहे ते सांगावं, कारण डाग देतानाच्या उष्णतेने या दोन्ही दगडांचा रंग उडू शकतो. रंगवलेले आणि चिकटवलेले खडे अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नयेत.

थोडक्यात: बाजारातलं नाव आणि खरा दगड

- इंडियन जेड: ग्रीन ॲव्हेंच्युरिन
- मलेशिया जेड: बहुतेक वेळा रंगवलेला क्वार्ट्झाइट
- ऑस्ट्रेलियन जेड: क्रिसोप्रेज
- ग्रीन ॲमेथिस्ट: प्रेझिओलाइट, बहुतेक वेळा तापवलेला किंवा किरणांनी हिरवा केलेला
- ग्रीन ऑनिक्स, दागिन्यातला: रंगवलेली कॅल्सिडनी
- ग्रीन ऑनिक्स, फरशीतला: कॅल्साइट
- हायड्रो क्वार्ट्झ: अनेकदा काच
- ब्लडस्टोन, मॉस ॲगेट: याच नावाचे नैसर्गिक दगड, दख्खनच्या खडकातही मिळणारे

या यादीतला कोणताही दगड आवडला तर जरूर घ्यावा. ॲव्हेंच्युरिनची चमक, मॉस ॲगेटची जाळी आणि क्रिसोप्रेजचा रंग यांना उसन्या नावाची गरज नाही. फक्त किंमत देताना ती त्या दगडाची असावी, त्याला चिकटवलेल्या नावाची नको.